लेकीचा फोल्डर हलवला त्याची गोष्ट

जवळ ये गं जरा. तू फोन तिकडं डब्याला टेकवून ठेवतीस आणि ओट्यापाशी फिरत बोलतीस. मला तुझा निम्मा कान दिसतो आणि तुझ्यापेक्षा कुकरच जास्त ऐकू येतो. आईशी बोलायचं तर समोर बसून बोलावं की. आणि परवा काय म्हणालीस, "आई, ते प्रोग्रामचं राहिलंच बघ. आले की बसू." दोन वर्षं झाली, तू 'आले की बसू' म्हणतीस. म्हणून आज फोन न करता लिहितेय. फोनवर मी काही सांगायला लागले की तू मधेच "हो आई, कळलं आई" करतीस आणि सांगायचं ते राहून जातं. लिहिलेल्याला तुला मधे तोडता येणार नाही.

ह्यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. पण आमच्या गल्लीतल्या वाचनाच्या मंडळातल्या बायकाही हे वाचणार आहेत, त्यांना पहिल्यापासनं सांगायला हवं, नाहीतर म्हणतील ही बाई कुठल्या भाषेत बोलते. आणि एक गोष्ट तुलाही ठाऊक नाही. तिथवर यायला मला जरा वेळ लागेल.

तर बायांनो, मी शिरोली एमआयडीसीत एका लहानशा फौंड्रीत पॅटर्न स्टोअर सांभाळते. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. जो लोखंडी भाग ओतायचा, त्याच आकाराचा लाकडी तुकडा आधी सुतार करतो, तो वाळूत दाबून ठसा घेतात आणि त्या ठशात वितळलेलं लोखंड ओततात. काम झालं की पॅटर्न परत स्टोअरला. पुन्हा तीच ऑर्डर कधी येईल त्याचा नेम नाही, दोन महिन्यांनीही येते, चार वर्षांनीही येते. तेव्हा तो पॅटर्न नेमका कुठल्या रॅकच्या कुठल्या फळीवर आहे हे सापडलं पाहिजे. मी लागले तेव्हा हे सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं. आमचे मिस्त्रीचाचा. निम्मे पॅटर्न त्यांनी स्वतःच्या हातानं केलेले, त्यामुळे अंधारात चाचपून सांगायचे, हा अमक्याच्या पंपाचा, हा तमक्याच्या गिअरबॉक्सचा. चाचा एक दिवस आजारी पडले की मालकांसकट सगळी फौंड्री रॅकमध्ये तोंड घालून उभी.

तू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतीस. जावा नावाची संगणकाची भाषा शिकत होतीस. मी बारावी झालेली बाई, पण तू कॉलेजला गेलीस की माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी तुझी वही घेऊन बसायची. तू जिथं जिथं समासात 'समजलं नाही' असं लिहिलेलं होतंस, ते मला समजलं की शेजारी पेन्सिलीनं बरोबरची खूण करायची. तुला वाटायचं तुझी मैत्रीण करते. एक दिवस पकडलंस मला. मग म्हणालीस, "चल आई, तुझ्या पॅटर्नचा प्रोग्राम करू."

केला की आपण. जेवायच्या टेबलावर. एका बाजूला मी गवार मोडत, एका बाजूला तू. पॅटर्नचा नंबर टाकला की रॅक आणि फळी सांगायची, एवढंच त्याचं काम, पण तेवढं करायला आपल्याला अख्खा उन्हाळा लागला. सगळ्या फाइली एकाच फोल्डरात. तुझ्या, माझ्या, सगळ्या एकत्र, धुवायच्या कपड्यांसारख्या. मला तेच बरं वाटायचं. एका जागी असलेल्या फाइली एकमेकींना नुसतं नावानं हाक मारतात, ओळख करून द्यावी लागत नाही.

मग मी तो घोटाळा केला. तू 'यादी' नावाची एक फाइल केली होतीस, पॅटर्नची यादी वाचून आणणारी. मला ते लक्षात राहिलं नाही, मी माझी एक 'यादी' लिहिली, रॅकची, आणि सेव्ह केली. संगणकानं विचारलं होतं काहीतरी, मी हो म्हटलं. तू संध्याकाळी आलीस.

"आई, माझी यादी कुठं गेली?"

"ही काय, आहे की."

"ही तुझी. माझी कुठाय?"

जेवण झाल्यावर एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला दोन चौकोन काढलेस आणि म्हणालीस, "हे तुझं घर, हे माझं. तुझ्या घरात एक यादी असू दे, माझ्या घरात एक असू दे. पुन्हा भांडण नको." ह्याला पॅकेज म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. प्रत्येक पॅकेजचा वेगळा फोल्डर, आणि आतल्या प्रत्येक फाइलीच्या पहिल्या ओळीत त्या पॅकेजचं नाव. फोल्डरचं नाव आणि ही ओळ तंतोतंत जुळली पाहिजे.

नावं द्यायची वेळ आली तेव्हा तू सांगितलंस, मोठ्या कंपन्या आपल्या वेबसाइटचा पत्ता उलटा लिहून पॅकेजला देतात, म्हणजे जगात दुसऱ्या कुणाचं तेच नाव येत नाही. आपली कुठली वेबसाइट. मग आपलं आडनावच घेतलं. आडनाव, टिंब, आई. आडनाव, टिंब, आणि तुझं नाव. म्हणजे आडनावाच्या एका फोल्डरात आपल्या दोघींचे दोन फोल्डर. अवघड अवघड कामं तुझ्यात ठेवलीस, फाइल वाचणं, शोधणं, तारखा. सहा फाइली तुझ्या. माझ्याकडं वाढत वाढत चौतीस झाल्या, कारण मी प्रत्येक गोष्टीला नवी फाइल करायची.

आता दोन घरं झाली, तर माझ्यातून तुझ्यातलं काही लागलं की वरती एक ओळ लिहायची. इम्पोर्टची, म्हणजे आयातीची. मी पहिल्यांदा ती लिहिली तेव्हा एकदम खूश.

"म्हंजे तुझ्यातलं आता माझ्यात आलं."

"येत नाही काही, आई. माझं माझ्याकडंच राहतं. तू फक्त सांगतीस, यादी म्हटलं की ह्या पत्त्यावरची यादी समजा."

"आणत न्हाय?"

"न्हाय," तू माझीच नक्कल करत म्हणालीस.

मला ते पटलं नव्हतं. वरती एवढी ओळ लिहायची, नाव घ्यायचं, आणि यायचं काहीच नाही? मग मी आळस करून ओळीच्या शेवटी नावाऐवजी फुली टाकायला शिकले. फुली टाकली की त्या पॅकेजमधलं सगळं जे काही आहे ते चालतं. तू ते पाहिलंस आणि म्हणालीस, "आई, हे काय, सहकुटुंब सहपरिवार? ज्याची गरज त्याचं नाव लिही." मग मी बसून एकेक नाव लिहिलं, माझ्या प्रत्येक फाइलीत. चौतीस फाइलींच्या माथ्यावर आपलं आडनाव आणि तुझं नाव. तू नंतर पुण्याला नोकरीला गेलीस, आणि मला सांगायला आता लाज वाटत नाही, मी कधी कधी काही काम नसताना त्या फाइली उघडून बसायची.

चाचांनी सुरुवातीला तो प्रोग्राम मानलाच नाही. मी नंबर टाकायच्या आत ते रॅकपाशी जाऊन पॅटर्न काढून उभे. पण हळूहळू माणसं संगणकाला विचारायला लागली, चाचांना करवतीपाशी जरा उसंत मिळाली, आणि ते मला म्हणाले, "वहिनी, तुमच्या पोरीनं माझं डोकं हलकं केलं बघा."

मग तुझं लग्न ठरलं. सासर चंदगडचं, राहणार तुम्ही दोघं पुण्यात. लग्नात ताटात तांदूळ पसरले, जावईबापूंनी अंगठीनं त्यात तुझं नाव लिहिलं आणि पुढं त्यांचं आडनाव. मी वाकून बघत होते. पाहुणे गेल्यावर आठवडाभर घरात लाडूंचे डबे आणि पप्पांचं वर्तमानपत्र, एवढंच उरलं होतं. मला करायला काही नव्हतं. मी लॅपटॉप उघडला, आणि तुझ्या फोल्डरावर आपलं आडनाव दिसलं. मला वाटलं, लग्न झालं, आता हे बरोबर नाही. कुणी सांगितलं नव्हतं मला. मी सासरच्या आडनावाचा नवा फोल्डर केला, तुझा फोल्डर उचलून त्यात नेऊन ठेवला. तुझ्या सहाही फाइलींतली पहिली ओळ बदलली. अगदी मन लावून केलं. पप्पांना दाखवलं, ते चष्मा वर करून म्हणाले, "रीत म्हणून बरोबर हाय."

सोमवारी पेन ड्राइव्हवर घेऊन फौंड्रीत गेले, तिथला जुना फोल्डर पुसून टाकला आणि नवा घातला. चालवायला गेले तर पडदाभर चुका. आधी मला वाटलं व्हायरस. मग एकेक ओळ वाचली. तुझ्या सहा फाइली मी हलवल्या, पण माझ्या चौतीस फाइली अजून जुन्याच पत्त्यावर तुला हाका मारत होत्या. आणि संगणक प्रत्येक फाइलीला सांगत होता, असं पॅकेज अस्तित्वात नाही. असं पॅकेज अस्तित्वात नाही. मी ते वाचत खाली खाली गेले, आणि शेवटापर्यंत गेलेच नाही.

तुला फोन लावला. तू ऑफिसात, हळू आवाजात.

"आई, काय केलंस तू?"

सांगितलं.

"आई, मी नाव बदललेलंच नाही. ऑफिसात नाही, आधारला नाही. त्यांच्या घरी कुणी विचारलंसुद्धा नाही. तू एकटीनंच बदललंस."

मग तूच हसलीस. "राहू दे. आता हात लावू नकोस, आणखी बिघडेल. मी आले की बसून करू, दोघी."

दोघी म्हणालीस. मी फोन ठेवला आणि मला प्रोग्रामचं काही वाटेनाच.

आता ते सांगते, जे तुला ठाऊक नाही. त्याच दिवशी संध्याकाळी, शिरोलीहून घरी येताना बसमध्येच, मला कळलं होतं काय करायचं ते. काही अवघड नव्हतं. तुझा फोल्डर उचलून परत आपल्या आडनावाखाली ठेवायचा, सहा ओळी पूर्वीसारख्या करायच्या. भाजी निवडण्याएवढंही काम नाही. पण मी केलं नाही. दुरुस्त केला असता तर तू बसायचीस कशाला?

मी वाट बघत राहिले. गणपतीला तुम्ही चंदगडला जाताना आलात. पुण्याहून चंदगडला जायचं तर वाटेत आपलं कोल्हापूर लागतंच. मी लॅपटॉप चार्ज करून टेबलावर मांडून ठेवला होता. तू आलीस, हातपाय धुतलेस, जावईबापूंना तिकडून फोन, "कुठंवर आलाय? घाटात पाऊस हाय, उजेडात पोचा." दोन तासांत चहा, पोहे, आणि गाडीचं दार. दिवाळीलाही तसंच. उन्हाळ्यात आलात तेव्हा तर तू लॅपटॉपवरच पर्स ठेवलीस आणि म्हणालीस, "आई, हा अजून चालतो?" मी म्हटलं, "चालतो की." आणि तुला शेंगांची चटणी बांधून दिली. गाडी वळेपर्यंत मी दारात उभी होते. रात्री राहा, असं माझ्या तोंडातून आलं नाही. तुझ्या सासरची माणसं वाट बघतात, त्यांचाही जीव आहे. नुसतं 'राहा' म्हणायला मला कसंतरी होतं. काम आहे म्हणून राहा, हे म्हणता येतं. पण तेही मी म्हणाले नाही, तू स्वतःहून म्हणशील म्हणून.

इकडं फौंड्रीत पुन्हा सगळा भार चाचांवर. नंबर, रॅक लिहिलेली साधी यादी होती संगणकात, पण तिच्यात शोधायचं म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसायचं. माणसं पुन्हा चाचांनाच हाक मारायला लागली. ते करवत ठेवून यायचे, पॅटर्न काढून द्यायचे, जाताना माझ्या टेबलापाशी थांबून बघायचे. काही बोलायचे नाहीत.

ह्या पावसाळ्याच्या तोंडावर ते बोलले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि मुलगा म्हणतो आता घरी बसा. महिनाअखेर काम सोडणार. मी म्हटलं, "चाचा, मग पॅटर्न कोण काढून देणार?"

"तेच इचारायला आलोय." त्यांनी स्टूल ओढून घेतलं. "वहिनी, एक इचारू? हे मशीन बिघडलंय, का तुम्ही ठेवलंय तसं?"

मी म्हटलं, "लेक आली की करणार हाय."

"दोन वर्षं येतीया की लेक. वाटंनं येतीया आणि वाटंनं जातीया. मला काय दिसत न्हाय व्हय? डोळं गेल्यात, पण एवढं न्हाय गेलं."

"चाचा, ते तिचंच काम हाय."

"तिचं असंल. पण लेकीला बोलवायचं तर सरळ बोलवा की. माझ्या पॅटर्नला कशाला पुढं करताय?"

मी त्यांच्यासमोर रडले नाही. चहा मागवला. ते चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दार लोटून बसले. तुझा फोल्डर सासरच्या आडनावातून काढला आणि आपल्या आडनावाखाली ठेवला. सहा फाइली उघडल्या, एकेक करून पहिली ओळ पूर्वीसारखी केली. रिकामा झालेला तो दुसरा फोल्डर काढून टाकताना जरा थांबले, वाटलं कुणाचा अपमान होतोय का. मग आठवलं, तू स्वतःच नाव बदललेलं नाहीस. चालवला. एकही चूक नाही. माझा डबा उघडायचा राहिला होता, भाकरी गार झाली होती.

चाचांना बोलावलं. म्हटलं, "सांगा एखादा नंबर."

त्यांनी सांगितला. प्रोग्रामनं सांगितलं, सात नंबरचा रॅक, तिसरी फळी.

"साफ खोटं," चाचा म्हणाले. "पाचात हाय तो. पंख्याच्या कडंला."

गेलो दोघं. पाचातच होता. ह्या दोन वर्षांत चाचांनी आपल्या सोयीनं किती पॅटर्न हलवले त्याचा पत्ताच नाही, आणि नोंद कुणी करायची, यंत्र तर मी बंद ठेवलेलं. ते हसायला लागले, मग मीही हसले. मग आम्ही रोज दुपारी बसलो. ते रॅकपाशी उभं राहून पॅटर्न हातात घेऊन बोटांनी ओळखायचे, "हा पाचात, वरून दुसरा. हा कुणाच्या पंपाचा तेही लिवा, माझ्यामागं कळाय पायजे," आणि मी लिहायची. त्यांच्या डोक्यातलं सगळं महिनाअखेरीच्या दोन दिवस आधी संपलं. शेवटचा पॅटर्न कोपऱ्यात धूळ खात होता, कुणाचाच नव्हता. चाचा म्हणाले, "हा मी शिकत असताना केलता. वाकडा हाय. कुणी मागणार न्हाय. पण लिवा." तोही लिहिला.

चाचा आता घरी असतात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. फौंड्रीत नवीन मिस्त्री आलेत, ते नंबर टाकतात आणि बरोबर फळीपाशी जातात. तुझं काम चाललंय बघ तिथं, तुझ्या नावानं. कुणालाही तू ठाऊक नाहीस.

म्हणून आता सांगते. प्रोग्राम दुरुस्त झालाय. परवा तू म्हणालीस 'राहिलंच बघ', तेव्हा मी 'हो' म्हटलं, ते खोटं होतं. मला ती इम्पोर्टची एक ओळ लिहिली की तू येशील असं पहिल्यापासून वाटत आलंय, आणि तू किती वेळा सांगितलंस, येत नाही आई, माझं माझ्याकडंच राहतं. आता कळलं मला. नुसतं नाव घेतलं म्हणून कुणी येत नाही. सांगावं लागतं, ये म्हणून. मी कधी सांगितलंच नाही, कामच पुढं केलं.

तर आता काही काम नाही. बिघडलेलं काही नाही, दाखवायचं काही नाही, पप्पांची तब्येत बरी आहे, माझी बरी आहे. कारण विचारलंस तर माझ्याकडं नाही. जावईबापूंना जमत असेल तर त्यांनाही आण, नसेल तर एकटी ये, स्वारगेटहून सकाळची गाडी धर. चंदगडला पुढच्या वेळी जा, ह्या वेळी फक्त इथं ये, आणि दोन तासांसाठी नको. दोन रात्री तरी राहायला ये. वरच्या खोलीतलं अंथरूण मी आजच उन्हात घालते. ह्या महिन्यातच ये गं.